एक कॉलर होईपर्यंत

५ फेब्रुवारी, सोमवार

बयो,

आधी आली ती तुझी नणंद. पाहुण्या बायका चांगलं ऊन वर आल्यावर येणार होत्या, पण मी दुकानाच्या फळ्या काढतेय न काढतेय तोच ही दारात. हातात पुस्तकांची पिशवी आणि चेहरा असा, की परीक्षेला हिलाच बसायचंय. मी म्हटलं, "ताई, पाहुण्यांच्या आधी तुम्ही कशा?" तर म्हणते, "मावशी, मी पाहुणी कुठली? मी खारूची आत्या." खरंय बाई, बसा म्हटलं. आपल्याकडे खुर्ची एक, तिच्यावर डॉक्टरांचे कोट. मग बसली हॉटेलच्या चादरींच्या गाठोड्यावर. "मऊ आहे," म्हणाली. एवढ्या चादरी खाली असल्यावर मऊ नसेल तर काय!

दुसरा आला शेजारचा किल्लीवाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण गिऱ्हाईक नसलं की आपलं इस्त्रीचं दुकान म्हणजे त्याचं फुकटचं नाटक. म्हणाला, "वहिनी, आज म्हणे नातीची अक्कल मोजायला माणसं येणार. माझीही मोजा म्हणावं, फार वेळ लागायचा नाही."

आणि मग त्या दोघी आल्या. पण त्याआधी एक सांगते, नाहीतर विसरेन. तू फोनवर म्हणालीस, "आई, तू मला बोलूच देत नाहीस, सगळा वेळ तुझाच जातो, त्यापेक्षा लिही." म्हणून लिहितेय. माझी शाळा चौथीत सुटली ती सुटलीच, अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, पण तू लावशील. आणि कागदावर मी कितीही बोलले तरी तुझा तिकडे खोळंबा नाही. तिकडच्या हॉटेलातली तुझी पाळी संपली की सावकाश वाच. जावईबापूंनाही वाचून दाखव, ते हसतील.

हां, तर त्या दोघी. विद्यापीठातल्या. एक उंच, एवढी उंच की वर टांगलेल्या शर्टांच्या बाह्या तिच्या कानांना गुदगुल्या करत होत्या. दुसरी चष्मेवाली, ती बोलते कमी आणि लिहिते फार. त्या म्हणे मोठ्या पगाराच्या घरांतही जातात आणि आपल्यासारख्या हातावर पोट असलेल्या घरांतही, आणि बघतात की शाळेत जायच्या आधीच पोरांच्या डोक्याची वाढ कशी होते, घरागणिक फरक पडतो का. तुझ्या नणंदेच्या मुलाला बघून आल्यात. तिनेच त्यांना आपला पत्ता दिला. चांगल्या मनाने दिला, मी नाही म्हणत नाही.

तुमचं नणंद-भावजयीचं काय ठरलंय तेही मला ठाऊक आहे. तुम्ही दोघं परत येईपर्यंत खारूने माझ्याकडे राहायचं, हे आधीचं. पोर मागे पडतेय असं दिसलं तर आत्याकडे राहायला जायचं, हे आताचं. तिथे स्वतःची खोली, पुस्तकं, बरोबरीचा भाऊ. मला कुणी विचारलं नव्हतं.

उंच बाईंनी एक कापडी पिशवी आणली होती, तोंडाला गाठ मारलेली. आपली खारू तिच्या जागेवर, खडूच्या रेघेपलीकडे. (रेघ मी रोज सकाळी नवी ओढते. अलीकडे इस्त्री, पलीकडे खारू. साडेतीन वर्षांची पोर, पण रेघ ओलांडत नाही हो.) बाईंनी तिच्यापुढे पिशवी उघडली. काय एकेक रंगीत ठोकळे, चित्रं, भोकात बसवायच्या खुंट्या! माझाच हात शिवशिवला. आणि खारूने काय केलं? दोन्ही हात पाठीमागे नेले आणि नुसती बघत बसली.

"घे ना बाळ," बाई म्हणाल्या. नाही.

"हा ठोकळा त्याच्यावर ठेव बरं." नाही.

"हे काय आहे? सांग बघू." खारू माझ्याकडे बघते. मी म्हटलं, तो घोडा आहे, तिला माहितीये, परवाच रस्त्यात बघितला. मग पुढचं चित्र. ती छत्री, मी म्हटलं, तीही माहितीये. चष्मेवालीचं आपलं लिहिणं चालूच. तुझ्या नणंदेचा चेहरा मात्र धुवून न पिळलेल्या कपड्यासारखा झाला.

त्या गेल्या, नणंदही गेली, मी चहा टाकला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं, गाठीची पिशवी! आपल्याकडे गाठ मारलेलं जे जे येतं ते गिऱ्हाइकाचं. मीच तिला शिकवलंय, परक्याचं गाठोडं उघडं दिसलं की हात मागे. घाणेरड्या हाताचा एक डाग पडला की सगळा दिवस धुण्यात. पोर बिचारी शहाण्यासारखी वागली आणि सगळ्यांना वाटलं हिला काही येत नाही! मी एकटीच एवढी हसले की चहा उतू गेला.

तुझी नणंद तुला काहीबाही लिहील. तिचं नंतर वाच, माझं आधी.

तुझी आई


१३ फेब्रुवारी, मंगळवार

बयो,

तुझं पत्र आलं. चार ओळी, पण अक्षर कसं मोत्यासारखं. ते काही माझ्याकडून नाही आलं.

तर ताईंनी तुला लिहिलं की खारू मुकी आहे आणि त्यांचा मुलगा तेवढ्याच वयात वाक्याला वाक्य जोडून गोष्ट सांगतो. सांगत असेल. गोड आहे पोरगा. आणि तू लिहितेस की मार्चमध्ये ताई येऊन तिला घेऊन जातील, "आई, तुला दुखवायचं नाही, पण तिचं नुकसान नको." मी दुखावले वगैरे नाही. रोज एवढ्या वजनाची इस्त्री उचलणाऱ्या बाईला असं काही लागत नाही. एवढंच की पत्र वाचताना वकीलबाईंच्या उशीच्या अभ्र्यावर इस्त्री जरा जास्त वेळ राहिली. पिवळट डाग पडलाय, लिंबू लावून उन्हात टाकलाय. जाईल.

आता दुसऱ्या खेपेचं ऐक. त्या दोघी परत आल्या आणि मी दारातच सांगितलं, "तुमची पिशवी तिला गिऱ्हाइकाची वाटतेय. आधी तिला हात धुवायला सांगा, मग गाठ तिच्या हाताने सोडू द्या." चष्मेवालीने मान वर केली, पहिल्यांदाच तिचे डोळे दिसले मला. आणि उंच बाईंनी काय केलं माहितीये? स्वतःही आपल्या बादलीत हात धुतले. खारूने बघितलं. मग हिने धुतले, पुसले, मला उलटेपालटे करून दाखवले आणि बसली गाठ सोडायला. दातही लावले, पण सुटली.

एकेक वस्तू काढून ओळीने मांडली. मग बाई म्हणाल्या, सारखे सारखे एकत्र कर. केले. आणि विचारलं, "हा कुठला रंग?"

खारू म्हणते, "दातवाल्या डॉक्टरांचा."

"बरं, आणि हा?"

"हॉटेलचा."

"आणि हा गं?"

"वकीलबाईंचा. त्या ओरडतात."

किल्लीवाला बाहेर हसून हसून भिंतीला टेकला. बाईंना काही कळेना, मग मी कोट उलटा करून कॉलरच्या आतला दोरा दाखवला. दर घराची खूण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची, एक टाका. डॉक्टरांचा हिरवा, हॉटेलचा लाल, वकीलबाईंचा निळा. आपल्या दुकानात कुणी हिरवा निळा म्हणतच नाही ना! डॉक्टरांचं आण, हॉटेलचं बांध. तूही तशीच म्हणायचीस, आठव.

उंच बाई म्हणाल्या, "म्हणजे रंग पक्के ओळखतेय. वर्गवारी तर झकास." चष्मेवाली लिहिता लिहिता म्हणाली, "हो. पण 'हिरवा' हा शब्द तिच्याकडे नाही." वाईट मनाने नाही म्हणाली. जसं मी म्हणेन, शर्ट चांगला आहे पण एक बटण नाही. मी म्हटलं, आहे की, तिला येतं हिरवा, येतं ना गं खारू, येतं येतं.

शेवटी सगळं पिशवीत भरायचं. खारूने गाठ मारू दिली नाही. एक पिवळा ठोकळा कमी होता. बाई म्हणतात राहू दे, आम्ही बघतो, तर ही हटून बसली. आलेलं तेवढं गेलं पाहिजे. शेवटी चादरींच्या गाठोड्याखाली सापडला, तेव्हा कुठे बाईंची सुटका. किल्लीवाला म्हणतो, "ही मोठी झाल्यावर बँकेत बसवा, नाहीतर बँकेबाहेर बंदूक घेऊन."

म्हणून म्हणते, मुकी नाही. कमी बोलते. कमी बोलणारी माणसंही लागतात घरात, सगळीच माझ्यासारखी असली तर ऐकणार कोण?

जाताना त्यांनी एक छोटीशी डबी दिली, काड्यापेटीएवढी. दिवसभराचं बोलणं साठवते म्हणे. खारूच्या बनियनला खिसा शिवून त्यात ठेवायची, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. खिसा मी निळ्या कापडाचा शिवला. दिवसभर मी मुद्दाम मोठ्याने बोलले, डबी रिकामी नको राहायला.

तुझी आई


२५ फेब्रुवारी, रविवार

बयो,

मधे लिहिलं नाही. काम होतं. हॉटेलात काही समारंभ होता, टेबलावरच्या कापडांचा ढीग. आणि पाऊल मुरगळलं होतं. तसं फार नाही. बरं, खरं सांगायचं तर तेही निमित्तच.

डबीत काय निघालं ते सांगायला त्या आल्या. चष्मेवाली म्हणाली, "आजी, आम्ही कुणाला पास-नापास करत नाही हं. अशी कितीतरी घरं बघतो, सगळ्यांचं मिळून काय दिसतं ते बघायचं असतं." म्हटलं चांगलंय, मीही कधी पास झाले नाही. मग उंच बाई गाठोड्यावर बसल्या, अगदी ताई बसतात तशा, आणि म्हणाल्या, "तुमच्या घरात बोलणं भरपूर आहे. एवढं बोलणं आम्ही मोठ्या मोठ्या घरांतही ऐकलं नाही." मला कोण आनंद! मी किल्लीवाल्याला हाक मारणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण ते सगळं गिऱ्हाइकांशी. खारूशी काय बोलणं झालं ते ऐकवू?"

ऐकवलं. माझाच आवाज, पण जरा चिरका. "सरक." "हात." "चटका बसेल." "जेव." "रेघ, रेघ." आणि एकदा तिने काहीतरी म्हटलंय, हळूच, "आजी, हे का…" आणि त्याच्यावरून माझा आवाज गाडीसारखा गेलाय, "या या डॉक्टर, कोट तयार आहे, काल काय झालं माहितीये…"

पुढे तिने परत विचारलेलं नाही. डबीत नाही.

मी म्हटलं यंत्र बिघडलंय. मग म्हटलं, तुम्ही मोठ्या घरच्या बायका, तुम्हाला काय माहीत हातात इस्त्री असली की काय होतं. बाई रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "तेच तर आम्ही बघतोय, आजी." मी विचारलं, "मग मोठ्या घरची पोरं काय हुशार जन्मतात?" म्हणाल्या, "छे. पाळण्यात सगळी सारखीच टकामका बघतात. फरक नंतर पडत जातो. पोटभर खाणं, निवांत झोप, आजारपण, गोंगाट, आई-बापांची काळजी, आणि कुणाला किती वेळ आहे पोरापाशी बसायला. पैसा पोराच्या डोक्यात थोडाच जातो? तो जातो घरातल्या माणसांच्या वेळात."

बयो, हे मला रात्रंदिवस पुरलं. मला वाटायचं मोठ्या घरात खेळणी असतात म्हणून पोरं पुढे. खेळणी असतातच. पण त्याहून मोठं म्हणजे तिथे एक रिकामा माणूस असतो. ज्याचे हात मोकळे आणि कान मोकळे. आपल्याकडे हात मोकळा कधी असतो? आणि कानाचं म्हणशील तर माझ्या तोंडाने माझ्या कानाला कधी सवड दिली आहे?

मग मी रुसले. दोन दिवस कुणाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी किल्लीवाला घाबरून आला. "वहिनी, बरं नाही का? डॉक्टर आणू का?" मी मान हलवली. तर म्हणाला, "मी एवढी कुलपं बघितली, पण हे कुलूप आपोआप लागलेलं पहिल्यांदा बघतोय. किल्ली नका बनवायला सांगू, असू दे असंच थोडे दिवस." मेला.

पण गप्प बसून काय होतं? मी गप्प, खारू गप्प, दुकानात नुसती इस्त्रीची वाफ. हे काही औषध नव्हे.

आता गंमत ऐक. पाच-सहा दिवसांपूर्वी वकीलबाईंचं गाठोडं आलं, उचलवेना. मी सहज म्हटलं, "आज हे एवढं जड का गं खारू?" आणि कॉलर घेतली. तुला माहितीये, आयुष्यात मी गप्प असते ती एवढ्याच वेळापुरती, शर्टाची कॉलर करताना. टोकाकडून मधे यायचं, जरा लक्ष हललं की टोक दुमडतं आणि तो दुमडा मग जन्मभर जात नाही. तेव्हा श्वाससुद्धा जपून. तर मी कॉलरवर, तोंड बंद, विचारलेलं विसरूनही गेले होते. आणि रेघेपलीकडून आवाज आला.

"त्यांच्याकडे पाहुणे आलेत. पाहुण्यांच्या पण चादरी आहेत. एक लहान चादर आहे, म्हणजे बाळ पण आलंय."

मी इस्त्री उभी केली. चटका बसायचा राहिला. गाठोडं सोडून बघितलं तर खरंच, पाळण्यातली चादर होती, वरून कोपरा दिसत होता. एवढं लांब ती कधी बोलली नव्हती गं. किंवा बोलायला निघाली असेल आणि मी मधून गेले असेन.

तेव्हापासून मी तसंच करते. आधी विचारायचं, मग कॉलर घ्यायची. कॉलर पुरी होईपर्यंत अवाक्षर नाही. कधी उत्तर पहिल्या टोकाशी येतं, कधी दुसऱ्या, कधी मला कफही करावे लागतात. कधी येतच नाही, मग मी सांगते. शर्ट नसला तर कठीण जातं, चादरीला कॉलर नसते ना! परवा मी उगाच इस्त्री झालेला शर्ट परत घेतला. डॉक्टरांचे कोट हल्ली असे कडक जातात की ते म्हणाले, "आजी, मान कापेल माझी."

आणि दोऱ्यांना आता मी दोन दोन नावं घेते. डॉक्टरांचा हिरवा. हॉटेलचा लाल. तिला त्याचं फार नवल, म्हणाली, "डॉक्टरांच्या दोऱ्याला पण टोपणनाव आहे?"

मार्चमध्ये ताई येतील हे मला माहिती आहे. तिचे कपडे धुऊन ठेवलेत. इस्त्रीही केलीय.

तुझी आई


१० मार्च, रविवार

बयो,

ताई काल आल्या. आजही मीच आधी लिहितेय, पण ताईही लिहिणार आहेत, आणि या वेळी कुणाचं आधी वाचायचं ते तुझं तू ठरव.

खारूची पिशवी मी भरून ठेवली होती. दोन फ्रॉक, तो निळ्या खिशाचा बनियन, फणी, आणि रिकामी रिळं, ती तिला झोपताना लागतात. ताईंनी पिशवी बघितली आणि गाठोड्यावर बसल्या. त्यांच्यासाठी मी खुर्ची मोकळी केली होती, तरी गाठोड्यावरच. म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला वाटत असेल मी पोर हिसकावून न्यायला आलेय." मी काही म्हटलं नाही. मी हल्ली काही वेळा काही म्हणत नाही. मग त्याच बोलल्या. त्यांचे आई-वडील दोघंही दिवसभर कामाला, घरी आले की थकलेले, कुणी कुणाशी बोलायचं नाही. शाळेत गेल्या तर बाई काय म्हणतात ते कळायचंच नाही, इतर मुलांना कळायचं. "मी रडून रडून वर आले, मावशी. तुमच्या जावयाने तर शाळाच सोडली. खारूला पहिल्या दिवशी तसं हात मागे घेऊन बसलेलं बघितलं ना, मला वर्गातली मीच परत दिसले."

मला हे काही माहीत नव्हतं. तुला होतं का? मी त्यांना चहा दिला. बशीत बिस्किटंही, चांगल्यातली.

मग त्यांनी खारूला विचारलं, "येतेस ना माझ्याकडे? आपण पुस्तकं वाचू." खारू गप्प. ताई लगेच, "येतेय, येतेय, तिला आवडेल…" आणि बयो, मी, मी म्हटलं, "थांबा ताई. कॉलर होऊ द्या."

"काय?"

"गप्प बसा जरा."

असं मी कुणाला आयुष्यात म्हटलं नव्हतं, मला म्हणायचे लोक. बाहेर किल्लीवाल्याची कानस थांबली, आ वासून उभा राहिला असणार. मी डॉक्टरांचा शर्ट ओढला आणि कॉलर घेतली. पहिलं टोक. मध्य. दुसरं टोक. काही नाही. मी उलट बाजू घेतली. ताई माझ्या हातांकडे बघत होत्या. मला वाटलं, गेली पोर. आता कफ घ्यायचे की नाहीत?

आणि खारू म्हणाली, "आत्या, तुझा दोरा कुठला?"

ताईंना समजेना. मी नाही समजावलं. जिभेला गाठ मारली होती. खारूनेच समजावलं, रेघेपर्यंत येऊन. "डॉक्टरांचा हिरवा आहे. वकीलबाईंचा निळा. मग त्यांचे कपडे परत येतात. तुझा नाही, तर तुझं परत कसं येणार?"

ताई म्हणाल्या, "मला दोरा नाही गं. मी इथे कधी कपडे टाकलेच नाहीत."

खारू दोऱ्यांचा डबा घेऊन आली. सगळी रिळं ओळीने लावली आणि हा डॉक्टरांचा, हा हॉटेलचा, असं करत एकेक बाजूला सारलं. शेवटी एक उरलं, जे कुणाचंच नाही. ते धरून म्हणाली, "जांभळा."

बयो, जांभळा! तो कुणाचाही नव्हता, म्हणून त्याला तिच्याकडे दुसरं नावच नव्हतं. आणि मी नाही शिकवलं हं. मी शिकवले ते गिऱ्हाइकांचे. मी म्हटलं, "हे कुठून आलं?" आणि तोंड मिटलं. ती आत पळाली आणि ताईंनी पहिल्या दिवशी आणलेल्या पुस्तकांतलं एक घेऊन आली, द्राक्षांच्या पानावर बोट. ती पुस्तकं मी कोपऱ्यात ठेवली होती, जरा रागानेच, आणि ही त्यातलं कधी बघत होती मला पत्ता नाही. मला वाचून दाखवायला वेळ नव्हता म्हणून हिने म्हणे ताईंच्या मुलाला विचारलं, मधे एकदा ताई त्याला घेऊन उभ्या उभ्या आल्या होत्या तेव्हा.

ताईंनी पर्समधून रुमाल काढला, डोळ्यांना लावला आणि मग तोच माझ्यापुढे केला. "टाका घाला, मावशी." मी कोपऱ्याला जांभळा टाका घातला. खारूने तो नीट बघून घेतला आणि रुमाल धुवायच्या टोपलीत टाकला. आता परत न्यायला त्यांना यावं लागणार.

मग आम्ही दोघी बोललो, आणि मी खोटं नाही लिहिणार. ताईंचा मुलगा खारूपेक्षा पुढे आहे. त्याला शंभर गोष्टींची नावं येतात ज्या आपल्या दुकानात नाहीतच, त्या तिला मी कुठून देणार? एका कॉलरमध्ये जग मावत नाही. पण ताईंनी आपणहून सांगितलं की त्यांच्याकडेही सकाळी सगळे पळापळीत, पोर पडद्यापुढे आणि सांभाळणारी बाई फोनवर. घरोघरी मातीच्या चुली, म्हटलं, तुमची जरा चकचकीत. हसल्या त्या.

तर आम्हाला असं वाटतं. खारूने माझ्याकडेच राहायचं. आठवड्यातून तीन सकाळी ताईंच्या घराजवळच्या बालवाडीत, पोचवायचं मी, आणायचं ताईंनी. रविवारी त्यांच्या घरी, पुस्तकं आणि भाऊ. आणि बाकीच्या वेळी इथे, रेघेपलीकडे, पण बोलत. भरलेली पिशवी खुंटीला तशीच आहे. रविवारची पिशवी म्हणून, किंवा तू म्हणशील तर कायमची म्हणून.

तुला कसं वाटतं, बयो? तिची आई तू आहेस. खरं विचारतेय, आणि मधे बोलणार नाही. हे खालचं अर्धं पान कोरं सोडलंय, त्यावरच लिहून धाड. मी इकडे कॉलर घेऊन बसलेय. लांबली तर कफ करेन.

त्या दोघी पाहुण्या चार एप्रिलला येतो म्हणाल्यात, गुरुवारी. त्यांच्या आधी तुझं पान येऊ दे.

तुझी आई